वाचून दाखवणारे

राजाच्या सासऱ्याच्या घरातील गुलामांच्या हाती एक पत्र येते. त्यांच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. आपल्याला अक्षरे येतात असे सांगणारी एक लहान मुलगी पत्राचा अर्थ सांगते आणि तो चुकीचा असतो. पुढे त्या घरातील माणसांची कत्तल होते. मुलगी जगते, पण या सगळ्याला आपणच कारण झालो हे तिच्या मनातून जात नाही. तिची वाचा जाते. 'खोल मुळांचा वृक्ष' अशा अर्थाचे नाव असलेल्या कोरियन मालिकेच्या आरंभीचा हा प्रसंग. तो पाहताना मी मालिका थांबवली आणि बराच वेळ पुढे पाहू शकलो नाही. त्याचे कारण पुढे येईल.

ही मालिका 2011 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात एसबीएस वाहिनीवर चोवीस भागांत प्रसारित झाली. किम यंग-ह्यन आणि पार्क सांग-यन या लेखकद्वयाने ती ली जंग-म्यंग यांच्या कादंबरीवरून लिहिली. वरवर पाहता ही पंधराव्या शतकातील जोसन राजवटीतली खूनकथा आहे. राजवाड्यातील विद्वान एकामागून एक मारले जातात, आणि या खुनांमागे राजा सेजोंग गुप्तपणे करीत असलेले एक काम आहे. ते काम म्हणजे लिपीची निर्मिती. एका वर्णमालेभोवती एवढे राजकारण उभे राहू शकते, याचे साहित्याच्या माणसांना तरी नवल वाटू नये. तरीही ते पडद्यावर पाहताना मला नवल वाटले.

सेजोंग 1418 मध्ये गादीवर आला, पण सैन्याची सूत्रे पायउतार झालेल्या बापाने, तेजोंगने, आपल्याच हाती ठेवली. गादीवर बसल्यावर काही महिन्यांतच तरुण राजाच्या सासऱ्याला विष घ्यावे लागले आणि राजाला ते थांबवता आले नाही. मालिकेत तरुण सेजोंग जादूच्या चौरसांत बुडालेला दिसतो. आडव्या, उभ्या, तिरप्या रांगांची बेरीज सारखी यावी म्हणून तो आकडे मांडीत बसतो. बाप येऊन सारे आकडे उधळतो आणि मधला एकच शिल्लक ठेवतो. सत्तेचे त्याचे गणित असे आहे: एक उरला की बेरीज आपोआप जुळते. मुलाला मात्र सर्वांना जागा ठेवून बेरीज जुळवायची आहे. पुढची सगळी मालिका या दोन गणितांचा झगडा आहे. हान सुक-ग्यूने रंगवलेला प्रौढ सेजोंग शिव्या देतो, रात्र रात्र जागतो, स्वतःवरच चिडतो. पुतळ्यातला राजा त्याने माणसात आणला.

त्याच्यासमोर 'मिलबोन' ही गुप्त संघटना उभी आहे. ती काल्पनिक असली तरी तिच्यामागचा विचार काल्पनिक नाही. 1398 मध्ये मारल्या गेलेल्या जोंग दो-जन या मुत्सद्द्याला राजापेक्षा मंत्र्यांच्या हाती कारभार असावा असे वाटत होते. मालिकेत त्याचा पुतण्या जोंग गी-जून खाटकाच्या वेशात वावरत ही संघटना चालवतो. खलनायक म्हणून त्याला निकालात काढता येत नाही, कारण मालिकेतील सर्वांत अवघड प्रश्न तोच विचारतो. लोकांना अक्षरे देऊन तू त्यांच्यावर उपकार करीत नाहीस, असे तो राजाला सांगतो. त्यांची काळजी वाहण्याचा तुला कंटाळा आला आहे, म्हणून तू आपली जबाबदारी त्यांच्या माथी टाकतो आहेस. अक्षरे आली म्हणून लोक शहाणे होणार नाहीत, उलट अक्षरांनीच अधिक फसवले जातील.

हा युक्तिवाद लेखकांनी हवेतून आणलेला नाही. लिपी 1443 च्या अखेरीस तयार झाली आणि 1444 मध्ये छ्वे मान-री या विद्वानाने सहकाऱ्यांसह राजाकडे तिच्याविरुद्ध अर्ज केला. चिनी लिपी सोडून वेगळी लिपी करणे म्हणजे मंगोल, जपानी अशा 'रानटी' लोकांच्या पंक्तीत बसणे, हे त्याचे म्हणणे आज हास्यास्पद वाटते. पण त्याच अर्जात एक मुद्दा असा आहे की तो आजही टाळता येत नाही. सोपी लिपी आली तर निरक्षर कैद्यांवर अन्याय होणार नाही असे म्हणतात. पण चीनमध्ये बोली आणि लिपी यांत अंतर नसूनही तुरुंगात अन्याय होतोच. न्याय लिपीवर अवलंबून नसतो, तुरुंगाधिकारी कसा आहे यावर असतो. राजाने या मंडळींना एक दिवस कोठडीत ठेवले आणि सोडून दिले. 1446 मध्ये अठ्ठावीस अक्षरांची लिपी जाहीर झाली. पण मान-रीच्या मुद्द्याचे उत्तर त्या कोठडीने दिले नव्हते.

आता माझे कारण सांगतो.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिचा धाकटा भाऊ मुंबईत गिरणीत होता आणि त्याची आंतरदेशीय पत्रे घरी येत. आई ती आधी चाळून बघे आणि मग आजीला वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येई. मी चौथीत होतो. घडघडीत वाचतो म्हणून आजीला माझा कोण अभिमान! एका पावसाळ्यात आलेल्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या. प्रकृती बरी नाही, जमल्यास आक्काने एकदा येऊन जावे. आईने मला बाजूला घेतले. "तेवढं वाचू नकोस रे. एवढ्या पावसात कुठे जाणार आहेत त्या? उगाच जिवाला घोर." मी ते वाचले नाही. त्या ओळींच्या जागी 'सर्वांना आशीर्वाद' असे माझ्या पदरचे घातले. आजीने पत्र हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि आपल्या पेटीत ठेवले. दिवाळीच्या आधी तिचा भाऊ गेला.

आईचा हेतू वाईट नव्हता. मिलबोनचाही नव्हता, असे आता म्हणावेसे वाटते. ज्याला वाचता येत नाही त्याच्या वतीने ठरवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. राजकारणात या चांगल्या हेतूला फार मोठी नावे आहेत. घरात त्याला काळजी म्हणतात.

पुढे नव्वदच्या दशकात साक्षरतेचा वर्ग आमच्या आळीत सुरू झाला तेव्हा साठी उलटलेली आजी त्यात जाऊन बसली. वर्षभरात ती अडखळत, बोटाने ओळ धरून वाचू लागली. आम्हाला वाटले, आता पोथी वाचील. तिने पेटी उघडली. मी तेव्हा शिकायला बाहेरगावी होतो. सुट्टीत घरी आलो तेव्हा ते पत्र तिने माझ्यापुढे धरले आणि शेवटच्या ओळींवर बोट ठेवून विचारले, "हे असंच आहे ना रे? का मीच चुकतेय?" मी म्हणालो, "असंच आहे." तिने पत्र घडी करून परत पेटीत ठेवले. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

जोंग गी-जून आमच्या घरी असता तर म्हणाला असता, पाहिलेस, अक्षरांनी या बाईला काय दिले? वीस वर्षांपूर्वीचे दुःख, आणि नातवावरचा अविश्वास. कितीतरी वर्षे माझ्यापाशी याला उत्तर नव्हते. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण त्याने पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, ही हकिगत मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो. त्याच महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत बंदिस्त केले आणि ते कुलूप विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी उघडले, हेही सांगतो. एकाच पंथाच्या पोटात सेजोंगही होता आणि मिलबोनही. पण म्हाताऱ्या बायका म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आजीची पेटी येते, हे मात्र कधी सांगितलेले नाही.

मालिकेच्या शेवटी मरणासन्न गी-जून राजाला पुन्हा तेच ऐकवतो, की लोक फसवले जातील. राजा ते नाकारत नाही. लोक फसतील, कधी हरतील, कधी जिंकतील, पण पुन्हा उभे राहतील, अशा आशयाचे त्याचे उत्तर आहे. पहिल्यांदा मला ते कच्चे वाटले होते. आता वाटते की दुसरे प्रामाणिक उत्तर असूच शकत नाही. अक्षरे न्याय देत नाहीत, हे छ्वे मान-रीचे म्हणणे बरोबरच होते. ती फक्त मधला माणूस दूर करतात. आजीचे दुःख वीस वर्षे आमच्या ताब्यात होते. त्या दिवशी ते तिचे झाले.

मालिकेत एक मोठी उणीव आहे. सारा प्रकाश राजावर पडतो. याच सेजोंगच्या कारकिर्दीत, 1420 मध्ये, रयतेने आपल्या स्थानिक अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करू नये असा कायदा झाला होता, त्याचे ओझे त्याच्या खांद्यावर फारसे दिसत नाही. शिवाय राजाने जाहीर केल्याने लिपी रुजली नाही. दरबाराचा व्यवहार पुढेही चिनी लिपीतच चालला. 1504 मध्ये यनसानगुन राजाने आपल्याविरुद्ध लागलेल्या भित्तिपत्रकांमुळे या लिपीवर बंदी आणली. सरकारी कागदांत तिला मानाची जागा 1894 च्या सुधारणांनंतर मिळाली. मधल्या साडेचारशे वर्षांत विद्वानांनी 'गावंढळ' म्हणून हिणवलेल्या या लिपीला जगवणाऱ्यांत बायकांच्या पत्रांचा वाटा मोठा आहे. लेकीने आईला, बहिणीने बहिणीला लिहिलेली पत्रे, कुणाकडूनही वाचून न घेता वाचलेली.

मालिकेतील ती मुकी मुलगी मोठी होऊन राजाला लिपीच्या कामात मदत करते. लिपीचे सारे विवरण तिला मुखोद्गत असते, आणि विषारी बाणाने मरताना ते ती आपल्या वस्त्राच्या कापडावर लिहून काढते. एकेकाळी चुकीचे वाचलेल्या मुलीचे हे प्रायश्चित्त. मी त्या भागाशी दुसऱ्यांदा थांबलो. ती अजाण होती, तिला अक्षरे येत नव्हती. मला येत होती.