पवनेकाठचा वाघेश्वर

लोणावळा आपण पाहिलेला असतो तो पावसाळ्यातला. भुशीच्या पायऱ्यांवर भिजायचे, भाजलेले कणीस खायचे, चिक्कीचा पुडा घेऊन परतीची लोकल गाठायची. पुढच्या खेपेला मे महिन्यात या आणि कामशेतला उतरून पवनानगरची एस.टी. धरा.

धरणाचे पाणी खाली गेले की वाघेश्वराचे दगडी देऊळ उघडे पडते. पाऊस लागला की ते पुन्हा पाण्यात जाते. पवनेचे धरण १९७२ साली झाले. आम्ही गेलो त्या दिवशी देवळापाशी एक आजी बसल्या होत्या. तडकलेल्या गाळाकडे हात करून म्हणाल्या, "लेकरा, हितं आमचं खाचर व्हतं. त्या तिथं आंबा." दोन्ही ठिकाणी आता नुसती भेगाळलेली माती.

माणूस गेले तर त्याचे दिवस तरी घालता येतात. बुडालेल्या शिवाराचे काय करायचे?

मावळच्या माणसांनी त्याचे काय केले, ते सांगतो. शेजारच्या मुळशीत टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरण काही थांबले नाही. पुढे पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. शहराला पाणी नको असे कोणी म्हणत नव्हते. पण ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांना विचारायचेच नाही, हे कुठले?

आता त्यात पावसाची भर पडली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. भात करणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको. एकतर रोपे वाळतात, नाहीतर लावणी झालेल्या खाचराचे बांध फुटतात.

परतताना एखादी देवराई जरूर पाहा. देवाच्या धाकाने तिथली वाळलेली फांदीही कोणी नेत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया अभ्यासल्या. आमच्या मते शहाणपणात ते आजोबा-पणजोबा आपल्यापेक्षा पुढे होते. धाक देवाचा असो, झाड तर राहिले! राई तोडायला कोणी आले, की गावाला बोलायला हक्काची जागा असते.

आजींना आम्ही एस.टी.पर्यंत सोबत केली. वाटेत देवळाबद्दल त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. गाडीत चढताना एवढेच विचारले, "मिरगाचा पाऊस येळेवर येईल न्हवं?"