तांब्या की कळशी

संगणकाची पेटी लिटरांत मोजतात, हे आम्हा दोघांना वयाच्या साठीपर्यंत ठाऊक नव्हते. दूध, रॉकेल आणि गच्चीवरच्या टाकीतले पाणी एवढ्याच गोष्टी लिटरांत मोजायच्या असतात, अशी आमची समजूत होती. परंतु बुधवार पेठेतल्या दुकानातल्या मुलाने आमच्यापुढे दोन यंत्रे ठेवली आणि अगदी सहज सांगितले, ‘सर, हा मिनी पीसी पाऊण लिटरचा, आणि मॅडम, हे कॅबिनेट साडेदहा लिटरचं.’ लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणायची आणि हजाराने भागायचे, की झाले लिटर. पहिले यंत्र म्हणजे तांब्या आणि दुसरे म्हणजे कळशी, हे आम्ही तिथेच मनाशी ठरवून टाकले. पुढचे दोन महिने घरात हेच दोन शब्द चालले. पाहुण्यांना वाटले, आम्ही भांडी घ्यायला निघालो आहोत.

नवे यंत्र घेण्याची हौस नव्हती. २०१४ साली घेतलेला टॉवर अजून चालत होता. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या अटींत आमचा प्रोसेसर बसत नव्हता. त्यावर लिनक्स घालून आम्ही आणखी काही वर्षे काढण्याच्या बेतात होतो. पण एके दिवशी वीज येता-जाता त्याचा पॉवर सप्लाय जळाला आणि जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. हार्ड डिस्क वाचली, हे नशीब; कारण तीवर आमचे गेल्या सहा वर्षांचे काम होते.

हे काम काय, ते सांगितल्याखेरीज तांब्या-कळशीचा वाद कळायचा नाही. मराठीतल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो, प्रश्नपत्रिकेत टीपाही विचारतो. परंतु प्रत्यक्ष अंक हातात धरलेला विद्यार्थी विरळा. १९५० च्या दशकात ‘शब्द’ चक्रमुद्रित रूपात निघाले, आणि पुढे साठोत्तरी काळात गावोगावी अशा अंकांचे पीकच आले. मोठ्या छापखान्याचे दार उघडत नाही म्हटल्यावर या मंडळींनी एक टंकलेखनयंत्र, मेणाचा स्टेन्सिल आणि सायक्लोस्टाइल यंत्र यांवर भागवले. आमच्याकडे दोन ट्रंका भरून असे अंक आहेत; सुमारे चार हजार फुलस्केप पाने. त्यांपैकी बऱ्याच अंकांची दुसरी प्रत कोणत्याही ग्रंथालयात आम्हाला आढळलेली नाही. कागद इतका आम्लधर्मी आणि ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपरा हातात येतो. स्कॅनिंग पूर्ण झाले. चारशे डीपीआयला करड्या रंगातले एक फुलस्केप पान न आवळता ठेवले तर सुमारे अठरा एमबी होते, म्हणजे सगळा ऐवज सत्तर-पंचाहत्तर जीबीत मावतो. ज्याला मोठ्या यंत्राची गरज म्हणतात, ती साठवणीची नव्हे, हे आमच्या लवकरच ध्यानात आले.

गरज होती ती वाचण्याची. चित्र म्हणून पान जपणे वेगळे आणि त्यातला मजकूर शोधता येईल, उद्धृत करता येईल असा युनिकोडमध्ये उतरवणे वेगळे. आजवर आम्ही पाने समोर ठेवून टाइप करत आलो. आता आम्हा दोघांपैकी एकाला काचबिंदू आहे. कोणाला, ते येथे महत्त्वाचे नाही. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, असलेली तेवढी औषधाने राखायची असते. फिकट जांभळ्या-काळ्या शाईची चार हजार पाने दोन माणसांच्या साडेतीन डोळ्यांनी टाइप होणार नाहीत, हा हिशेब आम्ही एका संध्याकाळी मांडला आणि नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

अक्षरे ओळखण्याचे काम यंत्राकडे द्यायचे, तर सर्वांना माहीत असलेले फुकट साधन म्हणजे टेसरॅक्ट. ह्यूलेट-पॅकार्डने ते १९८५ ते १९९४ या काळात घडवले, २००५ साली खुले केले, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते मज्जाजालाच्या पद्धतीने ओळच्या ओळ वाचू लागले. स्वच्छ छापलेल्या आधुनिक मराठी पुस्तकावर ते चांगले चालते. चक्रमुद्रित पानावर मात्र त्याची त्रेधा उडते, आणि त्याची कारणे मोठी रसाळ आहेत. स्टेन्सिल कापताना यंत्राची फीत बाजूला सारून टाइप करतात. खिळा थेट मेणावर आदळतो आणि शाई जाण्यापुरती वाट मोकळी करतो. ‘व’, ‘ब’, ‘ष’ यांचे पोट कधी कधी सगळेच तुटून पडते आणि तिथे शाईचा डाग उमटतो. शिरोरेखा प्रत्येक अक्षरागणिक तुटलेली. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत जो फरक शिरोरेखेच्या खंडावर उभा असतो, तो अशा पानावर उरतच नाही. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून सरकून शेजाऱ्याकडे गेलेला.

आणि अनुस्वार! शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. परंतु नियम आला म्हणून बोटे एका दिवसात बदलत नाहीत. आमच्या अंकांत एकाच पानावर ‘कांहीं’ आणि ‘काही’ शेजारी नांदतात. एका कवीने तर जुने अनुस्वार हट्टाने ठेवलेले दिसतात, आणि तो हट्ट त्याच्या कवितेच्या विरोधी सुराशी कसा जुळतो, हा एका प्रबंधाचा विषय होईल. आता शाईचा ठिपका कुठला आणि अनुस्वार कुठला, हे यंत्राने कसे ठरवावे? आजच्या मजकुरावर शिकलेले यंत्र जुने रूप दिसले की ते नव्याकडे ओढते. शब्दकोशाची मदत बंद केली तरी ओढ पूर्ण जात नाही. म्हणजे ते नकळत मुद्रितशोधन करते. पाठचिकित्सा शिकवण्यात उमेद घालवलेल्या माणसांना हे कसे चालावे?

तेव्हा आमच्या पानांवरच यंत्राला नव्याने शिकवणे आले. क्राकेनसारख्या साधनाने ते करता येते: आपण काही शे ओळी जशाच्या तशा, ठिपक्याठिपक्यासह अचूक उतरवून द्यायच्या, आणि यंत्राने त्यांवरून या लिपीचे, या शाईचे, या टंकाचे वळण शिकायचे. हे शिकणे ग्राफिक्स कार्डावर झपाट्याने होते. आणि इथेच कळशीने डोके वर काढले.

दोन्ही यंत्रांना दुकानदार ‘स्मॉल’च म्हणतो, पण त्यांचे लहानपण एका जातीचे नाही. मिनी पीसी लहान आहे, कारण त्याने बरेच काही सोडून दिले आहे. त्यात प्रोसेसर लॅपटॉपच्या जातीचा, मेमरीही लॅपटॉपची, नाहीतर बोर्डावरच डाख दिलेली. वीजपुरवठ्याचा ठोकळा बाहेर वायरीला लोंबणारा. वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नाहीच. ॲपलने २००५ साली मॅक मिनी काढला तेव्हा तो साडेसहा इंच चौरस होता; २०२४ च्या आवृत्तीत तो पाच इंचांवर आला, आणि त्याची मेमरी तर मागाहून वाढवताच येत नाही. कळशीची गोष्ट वेगळी. सतरा सेंटिमीटर चौरसाचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, टेबलावरच्या मोठ्या संगणकाचाच प्रोसेसर, छोट्या आकाराचा पॉवर सप्लाय आणि त्यांच्या अंगाला अंग लावून पूर्ण ताकदीचे कार्ड. तिने काहीच सोडलेले नसते. सगळे कोंबलेले असते. लघुकथा म्हणजे आक्रसलेली कादंबरी नव्हे, हे आपण दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना सांगतो. कळशी ही आमच्या दृष्टीने दीर्घकथा ठरली: जागा लघुकथेची, भूक कादंबरीची.

भुकेचे आकडेही पाहिले. मिनी पीसी साध्या कामात पंधरा-वीस वॉटवर भागवतो. कळशीतले एकटे कार्डच, आरटीएक्स ३०६० घेतले तर, १७० वॉटपर्यंत मागते. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉटचा. तो कळशीला उचलून धरील, पण वीज गेल्यावर जेमतेम फाइल जतन करण्यापुरता. नव्या ४०६० चे पोट ११५ वॉटांचे, परंतु त्याची मेमरी आठ जीबी आणि जुन्या ३०६० ची बारा; आणि अशा शिकवणीला कार्डाचा वेग थोडा कमी चालतो, मेमरी कमी चालत नाही. शिवाय आमच्या खोलीत जुन्या कागदाची भुकटी सदैव उडत असते. दाटीत बसवलेले तीन-चार पंखे ती भुकटी आत ओढणार, जाळ्या तुंबणार, आणि वर्षातून दोनदा ती पेटी उघडून साफ करायची. उघडण्याला भीती नाही. पण साडेदहा लिटरांत बोट घालायला जागा नसते, हे आम्ही दुकानात पाहिले होते. किमतीचे तर विचारू नये. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जे चढू लागले, त्यात आमचे कोटेशन पंधरा दिवसांत दोनदा बदलले. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी आपापली यंत्रे शिकवण्यासाठी मेमरी उचलली, म्हणून एका टंकाची अक्षरे शिकवू पाहणाऱ्या आम्हाला ती महाग! असो.

एवढे असूनही दोघांपैकी एक कळशीच्या बाजूने ठाम होते, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. डोळ्यांना मुदत आहे. मुदतीचे काम वेगवान यंत्राला द्यावे. पैसा काय, आज आहे आणि उद्या औषधांत जाईल. या म्हणण्यावर तर्काने उत्तर देणे कठीण होते. म्हणून आम्ही प्रयोग केला. एका माजी विद्यार्थ्याने आपली १२ जीबी कार्डाची कळशी आठ दिवस घरी आणून ठेवली. तांब्याच्या जातीचे यंत्र एका स्नेह्यांकडून मिळाले. बाराशे ओळी आम्ही आधीच अचूक उतरवून ठेवल्या होत्या. त्याच ओळी दोन्ही यंत्रांना शिकवायला दिल्या. कळशीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर काम उरकले, आणि तेवढ्या वेळात खोली तापली. तांब्याने रात्री दहाला सुरुवात केली आणि सकाळी चहाच्या वेळी त्याचे संपत आले होते. शिकून झाल्यावर पाने वाचण्याच्या कामात मात्र आम्हाला जाणवावा असा फरक नव्हता. दोन्ही यंत्रे आमच्या तपासण्याच्या वेगापेक्षा कितीतरी पुढे पळत होती.

अर्धा तास आणि एक रात्र. हा फरक मोठा आहे. परंतु त्या बाराशे ओळी अचूक उतरवायला आम्हाला पाच आठवडे लागले होते, ही गोष्ट तोवर कोणी टेबलावर ठेवलीच नव्हती. डोळे त्या पाच आठवड्यांत खर्च झाले होते, रात्रीच्या प्रशिक्षणात नव्हे. तेव्हा तर आम्ही झोपलो होतो. शिकवणी वर्षातून सात-आठ वेळा होईल. ओळी मात्र रोज तयार व्हायच्या आहेत, कारण प्रत्येक नियतकालिकाचे टंकलेखनयंत्र वेगळे, त्याची मोडकी अक्षरे वेगळी.

म्हणून तांब्या घेतला. मेमरी बदलता येईल असा, बत्तीस जीबीचा, एक टीबीच्या एसएसडीसह. कळशीत गेले असते ते उरलेले पैसे एम. ए. च्या दोन विद्यार्थिनींना ओळी उतरवण्याच्या मानधनासाठी बाजूला काढले. त्या आठवड्यातून तीन दुपारी येतात. अनुस्वाराचा जुना नियम त्यांना आम्हाला आधी शिकवावा लागला. आता त्या आमच्याच चुका दाखवतात. या ट्रंकांखाली हस्तलिखित पत्रव्यवहाराचेही एक गाठोडे आहे. हस्ताक्षर शिकवायला निघालो की तांब्या अपुरा पडेल आणि आम्ही कळशीची आठवण काढू, असे कळशीपक्षाने लेखी नोंदवून ठेवले आहे. ती शक्यता आम्ही नाकारत नाही.

यंत्र मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंनी बसवले आहे. समोरून दिसतही नाही. परवा त्याने एका कवितेतल्या ‘त्याने’ या शब्दावर अनुस्वार दिला. एक विद्यार्थिनी म्हणाली, हा शाईचा शिंतोडा आहे. दुसरी म्हणाली, कवीची सवय पाहता अनुस्वारच. भिंग लावले तरी निर्णय होईना. स्टेन्सिल एकच असल्याने त्यात कापलेला ठिपका त्या अंकाच्या प्रत्येक प्रतीत उमटणार. शिंतोडा असेल तर तो एकाच प्रतीत. या अंकाची दुसरी प्रत साताऱ्याला एका निवृत्त ग्रंथपालांकडे असल्याचे परवाच कळले. त्यांना पत्र घातले आहे. रविवारच्या एसटीने जाऊन ते पान पाहून यायचे आहे.