शून्य बॅलन्स

रेकॉर्डचा आवाज नैसर्गिक यावा म्हणून लोक नवे स्पीकर घेतात. हप्ता म्हणजे काय ते आम्हां बँकवाल्यांना ठाऊक. आम्ही आधी स्क्रूड्रायव्हर घेतो.

सुईचा दांडा प्रथम हवेत आडवा तरंगला पाहिजे, म्हणजे बॅलन्स शून्य. बँकेत बॅलन्स शून्य झाला की खातेदार तावातावाने काउंटरवर येतो. इथे तो शून्य झाल्याखेरीज काम सुरूच होत नाही. मग कार्ट्रिजवाल्याने सांगितलेला भार द्यायचा, बहुतेकदा दीड-दोन ग्रॅम. बिचाऱ्या रेकॉर्डची दया येऊन तो कमी ठेवू नये. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि रेकॉर्ड जास्तच खरवडते.

वेगाचंही तसंच. मिनिटाला ३३⅓ फेरे. ते सहा टक्क्यांनी वाढले की काळी एकचा गवई पांढरी दोनमध्ये जातो. सहा टक्के! एवढ्या व्याजाला आमचे ठेवीदार नाक मुरडतात.

स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. डग्ग्याचं घुमणं कमी झालं, सौ.चं वाढलं, कारण स्वयंपाकघराची वाट अडली.

परीक्षक आमचे नाना. वय ८४, भीमसेनजींना समोर बसून ऐकलेले. आजवर माझ्या प्रत्येक खटपटीवर त्यांचा शेरा एकच, "रेडिओ बरा लागलाय." या वेळी भीमसेनजींचीच एलपी लावली. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, मागे तंबोरा आहे की!"

बाजू संपली. रेकॉर्ड उलटायला उठलो, तर म्हणाले, "थांब. तीच लाव पुन्हा."