कुरडूचे तुरे

मराठी घरात फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. सकाळी परडीत, मग देवावर नाहीतर केसांत, आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्य. शिळं फूल देवाला चालत नाही. तुळस आणि बेल यांना तेवढी सूट. त्यामुळे वाळकी फुलं महिनोन्महिने घरात मांडून ठेवणारी बाई आपल्याकडे जरा विक्षिप्तच ठरते. मी ती बाई आहे. दिवाळी सरली, फराळाचे डबे खडखडू लागले, की आमच्या बैठकीतल्या पितळी तांब्यात कुरडूचे तुरे येऊन बसतात, ते मृगाच्या तोंडावरच हलतात.

सासूबाई होत्या तोवर दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणत, "अगं, वाळकी फुलं घरात ठेवू नयेत, बरं नसतं ते." त्या साताऱ्याकडच्या, मी वेंगुर्ल्याकडची. माझं उत्तर तयार असायचं, "आई, आमच्याकडे तर ती वर्षभर दारालाच बांधलेली असतात." त्यावर त्या 'कोकणातलं काही सांगू नकोस' अशा चेहऱ्याने वाती वळायला घेत.

पण खरंच असतात. भात पिकायला लागलं की दसरा-कोजागिरीच्या सुमाराला आमच्याकडे 'नवं' बांधतात. आंब्याच्या पानात भाताच्या चार लोंब्या, असली तर नाचणी-वरीची कणसं, एखादं झेंडूचं फूल आणि कुरडूचा तुरा, असं सगळं एकत्र धरून केळीच्या सोपाने आवळायचं. अशा जुड्या घराच्या चौकटीला, तुळशीला, विहिरीच्या रहाटाला, नांगराला, धान्याच्या कणगीला. हल्ली मोटारसायकलच्या हँडललाही. पंधरा दिवसांत आंब्याचं पान गुंडाळी होऊन खाकी पडतं, झेंडू काळपटतो, लोंब्यांतले दाणे चिमण्या पळवतात आणि उरतो तो कोंडा उन्हात पिवळाजर्द दिसतो. कुरडू मात्र बांधला तसाच. पुढच्या वर्षीचं नवं येईपर्यंत ती जुडी चौकटीवर असते. तिला कोणी सजावट म्हणत नाही, आणि म्हणूनच कदाचित ती कोणाला खुपतही नाही. पुढे शहरात काचेच्या बरणीत मांडलेला वाळक्या फुलांचा गुच्छ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही ते यामुळेच. फक्त तो दारावरून टेबलावर आला होता.

आमच्या घरात वाळलेल्या फुलांचा दुसरा मुक्काम आजीच्या ट्रंकेत. बकुळीला आमच्याकडे ओवळ म्हणतात. उन्हाळ्यात पहाटे झाडाखाली तिचा सडा पडायचा. फुलाला मधोमध मुळातच भोक असतं, त्यामुळे सुई लागत नाही. गवताची काडी किंवा केळीचा सोप पुरे. त्या माळा पहिल्या दिवशी केसांत, नंतर ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये. फूल चार दिवसांत तपकिरी होतं आणि वास तसाच राहतो. मला तर तो ताज्या फुलापेक्षा जास्त मुरलेला वाटतो. डिसेंबरात आजीची शाल बाहेर निघाली की तिला आधी बकुळीचा वास, मग डांबरगोळीचा. मोगऱ्याला हे जमत नाही, तो सुकला की संपला. आरवली-शिरोड्याकडच्या सुरंगीला जमतं. तिचे कळे भल्या पहाटे झाडावर चढून काढावे लागतात, कारण ऊन लागलं की ते उमलतात आणि मग वळेसराच्या, म्हणजे गजऱ्याच्या, कामाचे राहत नाहीत. उरलेले कळे सुकवून व्यापाऱ्याला विकतात. अत्तरासाठी, रंगासाठी त्यांना मागणी असते.

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि हाच उद्योग अभ्यास म्हणून करायला मिळाला. लाकडी पट्ट्यांच्या प्रेसमध्ये वर्तमानपत्रांच्या थरांत झाडं दाबायची, कागद रोज बदलायचे आणि पुरती वाळली की २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर टाके घालून बसवायची. ओळख पटवायला हाताशी थिओडोर कुक. हे गृहस्थ पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते, आणि मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला. प्रेसमध्ये प्रत्येक झाडाचा स्वभाव कळायचा. तेरडा म्हणजे नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रावर त्याचा जांभळट डाग आणि एक ओलसर पापुद्रा उरायचा. जास्वंदीचा काळसर गोळा. कुरडू मात्र जसा ठेवला तसाच बाहेर यायचा, जणू त्याला दाबलंच नव्हतं.

त्याचं कारण भिंगाखाली दिसलं. कुरडू राजगिऱ्याच्या कुळातला. माठ, आघाडा, बागेतला कोंबडा, जांभळी गोल बटणफुलं, ही सगळी भावंडंच. तुऱ्यातल्या एकेका फुलाला आपण ज्या पाकळ्या समजतो त्या पाच पातळ, चकचकीत, कागदी पट्ट्या असतात, आणि त्या फूल जिवंत असतानाच कोरड्या असतात. बोटांनी चुरून पाहा, ओल लागत नाही. बटणफुलातही जांभळा रंग असतो तो कागदी छदांचा; खरी फुलं त्यांच्या आड लपलेली. म्हणजे या मंडळींना वाळवावं असं फारसं काही लागत नाही. देठ आणि पानं तेवढी वाळतात. कुरडूचा तुरा खालून वर फुलत जातो. वरच्या टोकाला गुलाबी कळ्या आणि खाली उमलून गेलेली फुलं चंदेरी पांढरी पडलेली. या खालच्या फुलांत बी धरतं. फळ टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठं, आणि पिकलं की त्याचा वरचा भाग कुंकवाच्या करंड्याच्या झाकणासारखा अलगद उचलला जातो. आत काळ्याभोर, आरशासारख्या चकाकणाऱ्या बिया.

तेव्हापासून मी फुलं 'टिकवण्याच्या' भानगडीत पडले नाही. सिलिका जेलच्या डब्यात गुलाब पुरून त्याचा रंग जसाच्या तसा ठेवता येतो, हे मला ठाऊक आहे. तसे गुलाब पाहिलेही आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून काचेच्या डोळ्यांच्या पेंढा भरलेल्या वाघाची आठवण झाली. दुकानात मिळणारे गुच्छही मला नकोसे वाटतात. आपल्या देशातून वाळलेली फुलं परदेशात भरपूर जातात, तुतुकुडी आणि कोलकाता ही त्या धंद्याची मोठी ठिकाणं. धंदा चांगलाच आहे, अनेकांच्या हाताला काम देतो. पण गवत ब्लीच करून त्याला मोरपंखी रंग देण्यात काय मिळवलं, हे मला कळत नाही. वाळलेल्या गवताचा स्वतःचा रंग एकदा कार्तिकात टेकडीवर जाऊन बघा, दुपारी चारच्या उन्हात.

माझी पद्धत साधी. टेकडीच्या पायथ्याच्या पडीक जमिनीवरून कुरडू आणायचे, तुऱ्याचं टोक गुलाबी आहे तोवरच. पुरता पांढरा झालेला तुरा घरभर बी सांडतो. पानं ओरबाडून टाकायची, पाच-सहांची जुडी सैलसर बांधायची आणि उलटी टांगायची, म्हणजे माना वाकत नाहीत. जागा सावलीची हवी. उन्हात गुलाबी रंग उडतो. टांगायला पुण्याच्या हिवाळ्यासारखी हवा नाही. ओठ फुटतात, टाचा फुटतात, दोरीवरचा टॉवेल पापडासारखा कडकडतो, आणि फुलांना नेमकं तेच हवं असतं. आमच्या गावी समुद्राकाठच्या दमट हवेत हेच तुरे वाळायला किती तरी जास्त दिवस घेतात. सोबतीला बागेतले दोन-तीन कोंबडे, चुरगळलेल्या मखमलीसारखे, आणि मूठभर बटणफुलं. कुसळीचं गवत दिसतं देखणं, पण ते घरात आणू नये. त्याची कुसळं एकमेकांत पीळ घालून बसतात आणि मग सतरंजीत, मोज्यांत, मांजराच्या अंगात शिरतात.

तांब्यात पाणी नाही, ही या फुलांची माझ्या लेखी सगळ्यात मोठी मेहेरबानी. सांधे दुखायला लागल्यापासून ती जास्तच कळते. घरकामाला येणाऱ्या मावशींना ती पटत नाही. धूळ बसते, असं त्या म्हणतात, आणि बसते हे खरंच आहे. महिन्याकाठी मी तुरे गॅलरीत नेऊन फुंकून आणते. जानेवारीत उन्हाची तिरीप सोफ्यापर्यंत पोचते तेव्हा चंदेरी भागातून उजेड आरपार जातो. तेवढी पंधरा-वीस मिनिटं मी चहा घेऊन तिथे बसते आणि फोन घेत नाही.

सासूबाई गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना वरच्या कप्प्यात कापडी पुरचुंडी सापडली. दसऱ्याच्या तोरणातले झेंडू, वाळवून बियांसाठी ठेवलेले. शेजारी आपट्याची पानं, लोखंडी डब्यात, पावत्यांच्या खाली. मला हसू आलं. त्या असत्या तर नक्की म्हणाल्या असत्या, "ते वेगळं." आणि थोडंफार वेगळं होतंही.

मेअखेरीला हवा ओलसर होते, तुरे मऊ पडतात. आणखी ठेवले तर बुरशी धरते आणि कसर पुस्तकांकडून इकडे वळते. मग मी ते वर्तमानपत्रावर झटकते. मूठभर काळं बी निघतं. काड्या कंपोस्टच्या डब्यात आणि बी गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत. पहिल्या पावसात कुंडी हिरवी होते. श्रावणात कोवळी पानं खुडून भाजी करते. कुरडूची भाजी चवीला माठापेक्षा जरा उग्र. लसूण सढळ हाताने घालावा लागतो आणि वरून ओलं खोबरं. मावशी ती डब्यात भरून घरी नेतात, तेव्हा धुळीबद्दल अवाक्षर काढत नाहीत.