पोळी कोणाची, टाळी कोणाची?

माझ्या रविवारच्या वर्गातली मुलं व्हिडिओ गेमबद्दल बोलायला लागली, की त्यांचं मराठी एकदम सुसाट सुटतं. इथे अमेरिकेत नवा मोठा गेम साधारण 60-70 डॉलरला मिळतो. वाढदिवसाचे साठवलेले पैसे एका दिवसात संपतात! म्हणून विकत घेण्याआधी सगळेच रिव्ह्यू बघतात.

रिव्ह्यूला मराठीत 'परीक्षण' म्हणतात आणि ते लिहिणाऱ्याला 'समीक्षक'. माझे बाबा पेपरातलं परीक्षण वाचल्याशिवाय सिनेमाचं तिकीट काढत नसत. पण वाचून झालं की हसून विचारायचे, "याला तिकीट फुकट मिळालं असेल का रे?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे म्हण आहे, 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.' म्हणजे जो आपल्याला पोसतो, त्याचं आपण कौतुक करतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. जेफ गर्स्टमन हे गेमस्पॉट या वेबसाइटचे समीक्षक होते. 2007 मध्ये त्यांनी 'केन अँड लिंच' या गेमला 10 पैकी 6 गुण दिले. त्याच वेळी त्याच वेबसाइटवर त्याच गेमच्या मोठमोठ्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरात देणाऱ्या कंपन्यांचा दबाव होता, हे त्यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितलं. पण ते गप्प बसले नव्हते. 2008 मध्येच त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'जायंट बॉम्ब' ही नवी वेबसाइट सुरू केली होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे टेस्टर चुका शोधतो. चूक दाखवली म्हणून त्याची नोकरी जाणार असेल, तर तो चुका दाखवेल का? समीक्षकाचंही तसंच आहे.

मग पुढे काय? आता काही समीक्षक थेट प्रेक्षकांकडून पैसे घेतात. नोव्हेंबर 2023 मध्ये 'द एस्केपिस्ट'च्या मुख्य संपादकांना काढलं, तेव्हा तिथल्या व्हिडिओ टीमनेही राजीनामे दिले. त्यांनी मिळून 'सेकंड विंड' सुरू केलं. त्यांचे चाहते त्यांना पेट्रिऑनवर दर महिन्याला थोडे थोडे पैसे देतात.

मला हा मार्ग आवडतो, पण तोही सोपा नाही. कंपनीने गेम आधी पाठवला नाही, तर या समीक्षकांना तो विकत घ्यावा लागतो आणि परीक्षण उशिरा येतं. शिवाय पोळी चाहत्यांची असेल, तर टाळी चाहत्यांसाठी वाजू शकते! लोकांच्या लाडक्या गेमला वाईट म्हणायलाही धाडस लागतं.

म्हणून परीक्षण वाचताना तुम्हीही तीन गोष्टी बघा. समीक्षकाला पैसे कोण देतं? तो गेम किती तास खेळलाय? आणि कोणत्या मशीनवर? 2020 मध्ये 'सायबरपंक 2077'ची सुरुवातीची परीक्षणं पीसीवर खेळून लिहिलेली होती. प्लेस्टेशन 4 वर मात्र तोच गेम इतका अडखळत होता, की सोनीने तो आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला.

तेव्हा पहिल्याच दिवशी गेम घ्यायची घाई करू नका. एक आठवडा थांबलात, तर स्वतः विकत घेऊन खेळणाऱ्यांचं मतही तुम्हाला कळेल. आणि तुम्हाला एखादा समीक्षक खरंच प्रामाणिक वाटला, तर त्याचं नाव वर्गात सगळ्यांना सांगा. मराठीत, बरं का!