पुढचा हात माझा

आमच्या घरी एक जुना लाकडी रंधा आहे. मधे तिरपं पातं आणि ते दाबून धरणारी पाचर. माझे आजोबा, म्हणजे आबा, त्याच रंध्यावर काम शिकले. १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ निघालं तेव्हा ते माझ्याएवढे होते. त्या काळी गावात तिफण, वखर, बैलगाडी सगळं लाकडाचंच. सुताराला त्याबद्दल सुगीला बलुतं, म्हणजे धान्य मिळायचं. आता अवजारं लोखंडाची झाली, पेरायला ट्रॅक्टर येतो. आबा पाट आणि चौरंग करतात.

दोन वर्षांमागं आबांना अर्धांगवायू झाला आणि डावा हात गेला. उजवा चांगला आहे. पण रंधा हे काही एका हाताचं काम नाही. बाबा पुण्याला फर्निचरच्या कामावर असतात. म्हणून आता मागची मूठ आबा धरतात आणि पुढचा हात माझा.

मित्रांनो, रंधा नुसता जोरानं ढकलायचा नसतो. मागची मूठ धरताना पहिलं बोट मुठीत न आवळता पुढं सरळ ठेवायचं, म्हणजे रंधा डुलत नाही. डावा पाय पुढं, उजवा मागं. जोर मनगटातून नाही, कमरेतून लावायचा. फळी सरकू नये म्हणून पुढं खुंटी असते. आता खरी गंमत ऐका. सुरुवातीला रंध्याचं मागचं अंग फळीच्या बाहेर असतं, म्हणून तेव्हा पुढच्या हातानं दाबायचं. मधे दोन्ही हातांचा जोर सारखा. शेवटी रंध्याचं पुढचं अंग फळीबाहेर जातं, तिथं पुढचा हात नुसता टेकवायचा आणि मागच्या हातानं दाबायचं. नाहीतर फळीची दोन्ही टोकं उतरती होतात आणि मधे उंचवटा राहतो.

एकाच माणसाचे दोन हात असले की हे सवयीनं जमतं. आमचे हात दोघांचे. म्हणून रंधा मध्यावर आला की आबा "हं" म्हणतात आणि मी जोर सोडत जाते. आजारानंतर आबांचं बोलणं अडखळतं, पण हे "हं" बरोबर जागेवर येतं.

पातं केसाएवढंच बाहेर पाहिजे. रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून बघायचं. जास्त काढायचं तर पात्याच्या डोक्यावर हळूच ठोकायचं, कमी करायचं तर रंध्याच्या मागच्या अंगावर. नीट चालला की सर्र आवाज येतो आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते. खर्र झालं की आबा म्हणतात, "पोरी, उलटं चाललंय. फळी फिरव." मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवल्यासारखं ते असतं.

जपानात सुतार रंधा ढकलत नाहीत, अंगाकडं ओढतात. बाईंनी सांगितलेलं हे मी घरी सांगितलं, तर आबांनी लगेच ओढून बघितलं. आमच्या रंध्याला ते मानवलं नाही. लई हसलो आम्ही.

बाबा दिवाळीला विजेचा रंधा आणणार आहेत. त्यानं काम झटपट होतं, हे खरं. पण त्याचा आवाज फार मोठा. त्यात आबांचं "हं" मला ऐकू येणार नाही. बाबांना मी हे अजून बोलले नाही.

आम्ही केलेला एक पाट खाली टेबलावर ठेवला आहे. पालकांनीही हात फिरवून बघावा. मधे एक गाठ आहे, तिथं सावकाश.

– इयत्ता ७ वी