वृद्ध शिमोनाचे गीत

रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तमंदिरांत उपासनेच्या वेळी ऑर्गन वाजत नाही. देवाची स्तुती केवळ मानवी कंठानेच करावयाची, अशी तेथील जुनी रीत आहे. (ऑर्गनच्या आवाजात आपल्याकडील गायकांच्या चुका झाकल्या जातात; ती सोय तेथे नाही!) थोर पियानोवादक सर्गेई राखमानिनोव्ह यांनी १९१५ च्या आरंभी दोन आठवड्यांच्या आत 'रात्रजागरणाची उपासना' रचली, ती या रीतीस धरूनच. महायुद्ध चालू असता त्याच वर्षी मार्चमध्ये मॉस्कोच्या सिनोडल गायनवृंदाने ती प्रथम गायिली.

तिच्या पंधरा भागांपैकी पाचवा भाग म्हणजे शिमोनाचे गीत. बाळ येशूला हातांवर घेऊन तो वृद्ध देवाजवळ शांतपणे निरोप मागतो. एक उंच पुरुषकंठ ते मागणे गातो आणि बाकीचे स्वर पाळण्यासारखे हेलकावत राहतात. अखेरीस खर्जातले गायक पायरीपायरीने इतके खाली उतरतात की, असे गळे आणावयाचे कोठून, असा प्रश्न वृंदनायक दानिलिन यांना पडला. राखमानिनोव्ह यांना मात्र आपल्या देशबांधवांच्या खर्जाची खात्री होती.

त्यांच्या पियानोच्या गाजलेल्या रचनांहून मला हे गीत अधिक मोलाचे वाटते. मरणाच्या निरोपास अंगाईची लय देणारा हा मनुष्य नेमाने उपासनेस जाणारा नव्हता! आपल्या अंत्यविधीत हेच गीत गायिले जावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु क्रांतीनंतर, डिसेंबर १९१७ मध्ये, त्यांनी सहकुटुंब देश सोडला. मागे तो गायनवृंदही मोडला. २८ मार्च १९४३ रोजी ते कॅलिफोर्नियात वारले. त्यांची कबर न्यूयॉर्कजवळ आहे.